पलंगाचा डावा पाय

सिनेमावाल्यांनी त्यांच्या गरमागरम सीनसाठी गल्लीतली सगळी घरं सोडून माझं घर धरलं, ते मुलगा-सुनेच्या खोलीतला पलंग बघून. माझ्या लग्नातला पलंग तो, अस्सल लाकडाचा. पण हिरो-हिरॉइन नुसते टेकले तरी करकरायचा. चारदा 'कट' झाल्यावर दाढीवाला डायरेक्टर म्हणाला, "आजी, हे जमत नाही. समोरच्या घरात हलवतो शूटिंग."

समोर? समोर माझी जाऊ राहते! मी मेल्यावर फोटोसमोर उभं राहूनसुद्धा ऐकवलं असतं तिनं.

"थांब रे," म्हटलं. जुन्या चादरीची चौपदरी घडी केली आणि पलंगाच्या डाव्या पायाखाली सारली. "आता घाला काय गोंधळ घालायचा तो."

पलंगानं हूं की चूं केलं नाही. एका झटक्यात शॉट ओके!

सुनेनं हळूच विचारलं, "आई, तुम्हाला कसं माहीत हे?"

"भिंतीपलीकडे माझी सासू झोपायची."

सिनेमावाले गेल्यावर मी घडी काढायला वाकले, तर सून लगबगीनं आडवी आली. "राहू द्या ना, आई."

राहू दिली. भिंतीपलीकडे आता मी झोपते.