वन्स रिमूव्हड

छापखान्यात नव्याने लागलेल्या पोरीला मालक आपल्या डब्यातलं खाऊ घालतो, हे कानावर आल्यापासून मालकिणीला चैन नव्हतं. "कोण लागते ती तुमची?" शेवटी तिने विचारलंच.
"फर्स्ट कझिन, वन्स रिमूव्हड," एवढं बोलून तो ताटावरून उठला.

शेजारच्या इंग्रजीच्या बाईंनी उलगडा केला. "म्हणजे सख्ख्या चुलत, आते, मामे नाहीतर मावस भावंडाची मुलगी. नवऱ्याची पुतणी किंवा भाची म्हण ना."

मालकिणीचा जीव भांड्यात पडला. तरीच पोरीचं नाक हुबेहूब नवऱ्यासारखं! उगाच संशय घेतला, असं म्हणत ती घरी निघाली आणि जिन्यातच थबकली.



सासरे एकुलते एक, सासूबाईही एकुलत्या एक. मग नवऱ्याला चुलत-मामे भावंडं आली कुठून?