दिव्याभोवतीचं कडं

पुण्याहून काढून आणलेला डोळ्याच्या सोनोग्राफीचा फोटो डॉक्टरबाईंनी टेबलावर ठेवला. तो दोघांनी वाकून पाहिला. एक नागसेन, वय अठ्ठावीस, ज्याचा डोळा होता तो. आणि दुसरे त्याच्या शिफ्टचे संपतमामा, जे त्याला मोटारसायकलवर बसवून कुरकुंभहून दौंडच्या या दवाखान्यात घेऊन आले होते.

"हा बुबुळाचा पडदा. तो मागं झुकलाय, आतल्या भिंगाला घासतोय. घासला की त्याचा रंग भुकटीसारखा सुटतो आणि डोळ्यातलं पाणी जायची वाट बुजवतो. मग दाब वाढतो. आज लेसरनं पडद्याला बारीक भोक पाडू, म्हणजे घासणं कमी होईल."

"आन् गेलेली नजर?" मामांनी विचारलं.

"ती येत नाही. उजव्या डोळ्याची निम्मी गेलीय. उरलेली राखायची." बाई नागसेनकडं वळल्या. "एवढ्या दाबानं दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असणार. कुणाला बोलला नाहीत?"

"बोललो की. पहिल्याच महिन्यात. मामांना."

मामांना ते चांगलं आठवत होतं. कुरकुंभच्या केमिकल प्लँटवर अमाईन नावाच्या रसायनाची वाफ असते, तिनं सगळ्यांनाच ट्यूबलाइटभोवती कडी दिसतात आणि झोपून उठलं की जातात. नव्या माणसाला हे सांगायचं काम मामांचंच. नागसेननं विचारलं तेव्हा त्यांनी चारचौघांत त्याची टर उडवली होती, "मुरशील रं!" म्हणून पाठीत थाप घातली होती. नागसेन खरंच मुरला. चार वर्षं त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

"सुट्टीच्या दिवशीपण दिसायची?"

"व्हय. रविवारी व्हॉलीबॉल खेळून आलो की हमखास. मला वाटलं, आठवड्याची वाफ बसली असंल."

"खेळताना हा पडदा जास्तच घासतो. वाफेची असती तर सुट्टीला दिसली नसती," बाई म्हणाल्या.

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नागसेनच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी तसाच मागं घेतला.

"तुमी काय मुद्दाम सांगितलं व्हय, मामा?" नागसेन म्हणाला. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिस्टरनं त्याच्या डोळ्यात थेंब टाकले आणि हाताला धरून लेसरच्या खोलीत नेलं. मामा उठले नाहीत.

"तुम्हालाही दिसतात का कडी?" बाईंनी विचारलं.

"दिसत्यात की. बारा वर्षं झाली."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

मामा आठवू लागले. आठवड्याची सुट्टी ओव्हरटाइमला जायची. दिवाळीला बदलीला माणूस नव्हता. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते रात्रपाळी करूनच मांडवात आले होते.

"येक सुट्टी घिऊन बघाया लागंल, म्याडम."