जाहिराती लागल्या तेव्हा

"मांडीचा स्नायू अर्धा फाटलाय, डेक्लन. आज किक मारलीस तर संपलास," टीमची डॉक्टर पद्मिनी म्हणाली. आयर्लंडच्या खेड्यात हौसेने गेलिक फुटबॉल हा तिथला हाता-पायांनी खेळायचा खेळ खेळणाऱ्या या पोराला अमेरिकन फुटबॉलच्या क्लबने किक मारायला अमेरिकेत आणलं होतं. "डॉक, बाहेर बसलो तर करार जाईल. अख्खं गाव टीव्हीसमोर बसलंय. बधिर करायचं इंजेक्शन द्या!" कोच दारातच होता. पद्मिनीने मान खाली घालून सुई टोचली. शेवटच्या मिनिटाला डेक्लनची किक गोलच्या खांबांमधून गेली, टीम जिंकली. टीव्हीवर जाहिराती लागल्या आणि मैदानावर तो कोसळला; स्नायू पुरता फाटला होता. ॲम्ब्युलन्समध्ये त्याचा फोन वाजला. "आई आहे. तुम्हीच सांगा," तो रडत म्हणाला. पद्मिनीने फोन उचलला. "मी डॉक्टर बोलतेय." पलीकडे गाव नाचत होतं. "पाहिलंत का माझ्या पोराला?" आई ओरडली. "आता कसला घरी येतोय तो!"