मधल्या थांब्यांचं गणित

माझी सून बोलण्याचं गणित करते. कोणता शब्द किती वेळा येतो, दोन वाक्यांमध्ये माणूस किती थांबतो, सगळं मोजते. वर्षभर तिनं माझंच बोलणं रेकॉर्ड केलं. खोलीत मी एकटी आणि समोर तिचं यंत्र.

मी चौथी नापास. पण माझ्या बोलण्यात तोंड घालायची घरात कुणाची टाप नाही.

त्यावर तिनं पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, पण परीक्षक सरांनी तो परत पाठवला. म्हणे, "यांचे थांबे साधे नाहीत. मोजले तर एकेक थांबा उत्तराएवढा लांब भरतो. इथं दुसरं कुणीतरी बोलत होतं आणि तुम्ही तो आवाज पुसलात. ही लबाडी आहे."

सून रडायला लागली. "आई, माझी पाच वर्षं पाण्यात गेली."

"डोळे पूस आणि मला तिथं ने."

भर दुपारी सरांच्या खोलीत जाऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. म्हटलं, "लावा यंत्र. बघू कोण काय पुसतंय ते."

मी बोलले, थांबले, पुन्हा बोलले. सर पडद्यावर उमटणारी माझ्या आवाजाची रेघ बघत होते. पहिल्या थांब्याला ते गालात हसले. तिसऱ्याला हसू मावळलं. नवी रेघ जुन्या रेकॉर्डिंगच्या रेघेवर तंतोतंत बसत होती.

सरांनी प्रबंधावर मंजुरीची सही केली. मी सुनेकडे ऐटीत पाहिलं.

"दुसऱ्या बोलणाऱ्याचंही नाव घालावं लागेल," म्हणत सर रिकाम्या खुर्चीकडे वळले. "सांगा."

ते क्षणभर थांबले, आणि लिहू लागले.