आमच्याकडचा गुण

डॉक्टरबाई कागदावर आमच्या घराण्याचा तक्ता काढत होत्या, बाईला गोल आणि पुरुषाला चौकोन. माझा गोल त्यांनी काळा केला, कारण स्तनाचा कर्करोग मला झाला होता. "तुमच्या एका जनुकात जन्मापासूनच बदल आहे," त्या म्हणाल्या. "तो आईकडून आला असेल, नाहीतर वडिलांकडून."

"आमच्याकडे असलं काही नाही," आई म्हणाली. "माझी आजी नव्वदीत विहिरीत पोहायची."

"वहिनी, आमच्याकडे तर साधा चष्माही नाही कुणाला," आत्या चष्मा पुसत म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "पण असा बदल असलेल्या गाठी काही औषधांना चांगली दाद देतात. शिवाय तुमची लवकर सापडलीय."

आत्यानं चष्मा चढवला. "आमचे वडीलही पहिल्याच गोळीला बरे व्हायचे."

"वन्सं, हा गुण माझ्या आजीचा," आई म्हणाली.

माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सव्वीस वर्षं आमच्या घरात जेवतेय ती. माझा गोल कुठाय?"

"जनुकं सासूकडून येत नाहीत हो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नसतील येत. पण ह्या दोघी उद्या आपापल्या गावी जातील. केमोला तिच्याबरोबर मी बसणार आहे."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी माझ्या काळ्या गोलाला खेटून आणखी एक गोल काढला.

सासूबाईंनी वाकून तो नीट पाहिला. "जरा मोठा काढा," त्या म्हणाल्या.