दोन हातांचं रक्त

दोन्ही बाटल्यांमध्ये जंतू वाढले होते, आणि जज्जीणबाईंना नेमकं तेच खटकत होतं.

वॉर्डातल्या नर्सेस लॅबमधल्या या बाईंना माघारी जज्जीणबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. रक्तात जंतू आहेत का हे पाहायचं, तर दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त हवं, हा त्यांचा कायदा. एकाच बाटलीत वाढ दिसली, तर जंतू बहुधा कातडीवरचा, सुईबरोबर आत शिरलेला. दोन्हींत दिसली, तर रक्तातलाच. कुणी एकच बाटली आणली, की बाई तिला आल्या पावली परत पाठवत.

हे रक्त नऊ दिवसांच्या बाळाचं होतं. ‘दोन्हींत वाढ आहे’ असं बाईंनीच काल डॉक्टरांना फोनवर कळवलं होतं, आणि तेव्हापासून त्याला जालीम औषध सुरू होतं. आज काचेच्या थाळ्यांवर जंतू नीट उगवून आला, आणि निघाला अगदी साधा, कुणाच्याही कातडीवर सापडणारा. असा जंतू दोन्ही हातांच्या रक्तात कसा?

तीन वाजता वॉर्डातली नर्स रिपोर्ट न्यायला आली. रक्त तिनेच काढलं होतं, फॉर्मवर सही तिचीच होती.

“बाळ कसं आहे?” बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या सहसा कुणाला विचारत नसत.

“सकाळपासून लंगोट कोरडाच आहे, ताई. औषध किडनीला झेपत नाहीये म्हणतात. पण थांबवायचं कसं? चारला पुढचा डोस आहे.”

बाईंनी दोन्ही थाळ्या तिच्यापुढे सरकवल्या. “डावा हात, उजवा हात. दोन्हींत जंतू तोच, वाढही एकाच वेळी. वेगवेगळं घेतलं होतंस ना?”

नर्सने मान डोलावली. मग ती मान खालीच राहिली.

“एकाच हाताचं आहे,” ती म्हणाली. “तेही तिसऱ्या टोचणीला मिळालं. आई हात जोडून उभी होती, आता पुरे म्हणत होती. मी तेच रक्त दोन बाटल्यांत भरलं.”

“अगं, मग तसं लिहायचंस तरी.”

“एकच बाटली आणली असती, तर तुम्ही घेतली असती?”

गेल्या आठवड्यात याच पोरीला बाईंनी एकाच बाटलीपायी चार माणसांसमोर झापून परत धाडलं होतं. त्यांना तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यांनी फोन उचलला.

“डॉक्टर, त्या दोन्ही बाटल्या एकाच हाताच्या आहेत. माझा कालचा निरोप धरू नका.”

“चारचा डोस थांबवतो,” डॉक्टर म्हणाले. “पण खरंच रक्तात जंतू असला तर? आणि औषध सुरू झाल्यावर काढलेल्या रक्तातून आता किती कळणार?”

“थोडंच कळेल. तरी नव्याने घ्यायला हवं, दोन्ही हातांचं.”

“चूक कुणाची झाली?”

“लेखी देते. त्यात माझंही नाव असेल.”

फोन ठेवून त्यांनी दोन कोऱ्या बाटल्या काढल्या. नर्सने हात पुढे केला, पण बाईंनी त्या तिच्या हाती दिल्या नाहीत. इतक्या वर्षांत रक्त कायम त्यांच्याकडे आलं होतं, त्या कधी रक्ताकडे गेल्या नव्हत्या. “चल,” त्या म्हणाल्या, “मी धरते बाळाला.”

वॉर्डात बाळाच्या आईने त्या दोन बाटल्या पाहिल्या आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाईंनी दुपटं बाजूला केलं. बाळाचा हात त्यांच्या अंगठ्याएवढाच जाड होता, मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. त्यांनी दुसरा हात उलटून पाहिला. त्यावर सलाइनची पट्टी होती, आणि पट्टीच्या वरखाली टोचल्याच्या खुणा.

“अगं, यात जागा कुठे आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“शोधावी लागते, ताई,” नर्स म्हणाली, आणि तिने सुईचं टोपण काढलं.