शनिवारचा तुकडा

“आज कुठलं देऊ, काका?” काउंटरवरच्या शमिकानं विचारलं.

“आधी चाखव. मग सांगतो,” नरहरराव म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. चीज चाखायला चष्मा कशाला लागतो, हे विचारायची शमिकाची हिंमत नव्हती.

अरेरा कॉलनीतल्या त्या दुकानात येण्याचा त्यांचा हा सलग अकरावा शनिवार. इंद्रपुरीतल्या घरापासून इतक्या लांब, तेही चीज खायला! सत्तर वर्षं या माणसानं पनीरलासुद्धा नाक मुरडलं होतं. कारखान्यात सगळी हयात त्यांनी तपासनीस म्हणून काढली. त्यांनी खडूची फुली मारली की तो भाग थेट भंगारात. घरीही त्यांची फुली चालायची. बायकोच्या, म्हणजे वसुधाबाईंच्या, आमटीपासून शेजाऱ्यांच्या जावयापर्यंत कुणी सुटलं नव्हतं.

शमिका बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळली. एका डॉक्टरीणबाईंनी धुरावलेलं चीज घेतलं. त्या ते पेरूच्या फोडीबरोबर खायच्या. कॉलेजच्या पोरांना तार सुटणारं हवं होतं. एक सिंधी गृहस्थ भाजलेल्या पापडावर चीज किसून खायचे आणि त्याची कृती दर वेळी सगळ्या दुकानाला ऐकवायचे.

“आणि काका, तुम्ही कशासोबत खाता?”

“ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी!” नरहरराव जरा मोठ्यानंच म्हणाले.

साफ खोटं. घरी ते चीजचा कणही नेत नसत. समोरच्या बागेतल्या बाकावर बसून नुसतंच संपवायचे. मोठ्यानं बोलण्याचं कारण वेगळं होतं. काउंटरच्या मागे एक दार होतं, दाराला पडदा होता. पडद्याआड नळ वाहायचा, पातेली वाजायची. तिथे परीक्षित असणार. त्यांचा एकुलता एक मुलगा, आठ पावलांवर.

चार वर्षांपूर्वी परीक्षितनं कारखान्यातली नोकरी नाकारली. चीज बनवणार म्हणाला.

“दूध नासवायचा धंदा करणार तू?” नरहरराव कडाडले होते. “तुझ्या आईच्या हातून पस्तीस वर्षांत एकदा दूध नासलं नाही. आणि नासलंच, तर या घरात ते मोरीत जातं!”

पोरगा त्याच संध्याकाळी बॅग उचलून गेला. वसुधाबाई तेव्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढेही त्यांनी कधी त्याचं नाव काढलं नाही. घर इतकं गप्प झालं, की नरहरराव अधूनमधून उगाच टीव्हीवर खेकसायचे.

मग यंदा पेपरात फोटो आला. या दुकानाच्या दारात हसत उभा असलेला परीक्षित, दाढी वाढलेली. नरहररावांनी तो पेपर गादीखाली दडवला. ज्या तोंडानं पोराला घालवलं, त्याच तोंडानं त्याचं चीज खायला जातो, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार? वसुधाबाई अयोध्या नगरच्या भजनी मंडळात गेल्या, की हे शनिवारी हळूच निघायचे. बिचारी, पोरासाठी झुरतेय, असं त्यांना वाटायचं. हल्ली तिची बोटंसुद्धा पांढरी पडून सुरकुतली होती. विचारलं तर म्हणायची, मंडळात प्रसादाची भांडी घासावी लागतात.

पहिल्या शनिवारी नरहररावांनी “खारट आहे” म्हणून फुली मारली. पुढच्या शनिवारी मीठ कमी झालं. “दडस लागतंय” म्हणाले, तर चीज मऊ आलं. मिरी जाड आहे म्हणाले, तर ती बारीक झाली. म्हणजे पडद्याआड ऐकू जात होतं. बापलेकात एवढंच बोलणं उरलं होतं, आणि तेवढ्या आधारावर नरहररावांचा आठवडा निघायचा. पोरानं बाहेर यावं म्हणून जीव तुटायचा. पण तो कसा येणार? हाकललं होतं ते यांनी.

शमिकानं मिऱ्यांच्या चीजची बशी पुढे केली. नरहररावांनी एक तुकडा जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मीठ बेताचं, मिरी मागून हळूच लागणारी. फुली मारायला जागाच सापडेना. त्यांना पोराची इतकी आठवण आली, की उचललेला चौथा तुकडा त्यांनी तसाच बशीत ठेवला.

“क्या हुआ, काका? बिघडलंय का?”

“पास,” नरहरराव म्हणाले.

“काय?”

“पास आहे म्हणतो!” त्यांचा आवाज चिरकला. सगळं दुकान वळून बघू लागलं, पण आता त्यांना कुणाची पर्वा नव्हती. ते पडद्याकडे बघूनच बोलत होते. “बनवणाऱ्याला सांग, त्याच्या बापानं पास केलंय. बाप चुकला होता म्हणावं. घरी ये म्हणावं आता.”

शमिकाचे डोळे भरून आले. “सांगते ना, काका. आजच सांगते दादांना. दर शनिवारी विचारतात ते, बाबा काय म्हणाले म्हणून.”

“विचारायचं कशाला? आत ऐकतोय की तो.”

“दादा कुठे आत असतात, काका? ते सकाळीच दूध आणायला सीहोरकडे जातात. मग ऑर्डरी पोचवतात. चीज बनवणं आता त्यांचं कामच नाही.”

“मग इतके दिवस हे बनवतं कोण?”

आतला नळ बंद झाला. पडदा सरकला, आणि ओले हात पदराला पुसत वसुधाबाई बाहेर आल्या.